मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर आणि वेळ

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्यावा. त्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणावा. भिंतीवरच्या नकाशाला सरावलेल्या डोळ्यांना वाटते की तो अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा आडवा जाईल. तसे काही होत नाही. मुंबई सोडताच दोरा उत्तरेकडे झुकतो, सौराष्ट्र आणि कच्छ ओलांडून सिंधमध्ये शिरतो आणि मोहेंजोदडोच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. पुढे कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, व्होल्गा नदी, मग मॉस्को. तिथून हेलसिंकीच्या किंचित उत्तरेने स्वीडन, नॉर्वेत ट्रॉन्डहाइम, आइसलँडमध्ये रेक्याविक, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घसटून लॅब्रॅडॉर, मेन आणि अखेर न्यूयॉर्क.

हा दोरा म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातले बृहद्वृत्त, गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत आखूड रस्ता. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यामध्ये तो सुमारे १२,५३० किलोमीटर भरतो. मी ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना लिहितो आहे, त्यातल्या प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या रकान्यात असाच एक आकडा आहे आणि दुसऱ्या रकान्यात प्रवासाला लागणारा वेळ. पहिला रकाना पृथ्वीच्या आकाराने ठरवून टाकला आहे. तिथे कुणाचे काही चालत नाही. दुसऱ्या रकान्यावर मात्र वाऱ्याचा, इंजिनाचा आणि परराष्ट्र खात्यांचा हात फिरलेला असतो, आणि त्याविषयी चार शब्द आधी सांगितल्याशिवाय वाचकाने तक्त्यांत शिरू नये असे मला वाटते. पुस्तकात जोड्या पुष्कळ आहेत. मी एकच घेतो. मराठी घरांतून परदेशी गेलेल्या माणसांपैकी फार मोठा भाग ज्या टोकाला जाऊन राहिला, त्या न्यूयॉर्क-न्यू जर्सीची.

आडव्या रस्त्याचा भ्रम मर्केटरच्या नकाशाने घातला. १५६९ साली त्याने तो खलाशांसाठी काढला आणि खलाशांना तो फार उपयोगी पडला, कारण त्यावर होकायंत्राची एक दिशा सरळ रेषेने आखता येते. त्याची किंमत ध्रुवांकडचे प्रदेश ताणून चुकती केलेली आहे. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते ते त्यामुळेच. प्रत्यक्षात आफ्रिकेत अशी चौदा ग्रीनलंडे मावतील. विमानातल्या सीटसमोरच्या पडद्यावर आपले विमान भलतीच मोठी कमान घेऊन उत्तरेकडे चाललेले पाहून शेजारचे प्रवासी ‘एवढा वळसा कशाला?’ म्हणतात, तेव्हा ते साडेचारशे वर्षांपूर्वीच्या खलाशांच्या सोयीबद्दल तक्रार करत असतात.

आता वेळ. मोठे जेट विमान शांत हवेत ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जाते. १२,५३० भागिले ९००, म्हणजे चौदा तासांना पाच मिनिटे कमी. वेळापत्रकात मात्र मुंबईहून जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना पंधराच्या आतबाहेर असे आकडे दिसतात. ही वाढ कुठून आली? थोडी धावपट्टीवरून. वेळापत्रकातला काळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा असतो, उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. रात्री दीड वाजता रांगेत सातवे असलेल्या विमानातल्या माणसाला हा तपशील वेगळा समजावून सांगावा लागत नाही. केनेडीवरची संध्याकाळही काही वेगळी नसते. कंपन्या हा सगळा खोळंबा आधीच धरून वेळ छापतात आणि मग ‘वेळेआधी पोहोचलो’ म्हणून घोषणा करतात.

पण जायला आणि यायला वेगळा वेळ का, याचे उत्तर वाऱ्यात आहे. आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे असतात. त्यांची पद्धतशीर नोंद पहिल्यांदा केली ती जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी, १९२० च्या दशकात, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून. जगाला कळावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो जगात जवळजवळ कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना ते वारे अंगावर घेऊन शिकावे लागले.

हिवाळ्यात हे वारे अधिक जोरकस असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचले. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता. म्हणूनच अटलांटिकवरचे मार्ग कायमचे आखलेले नसतात. गँडर आणि शॅनविक ही नियंत्रण केंद्रे वाऱ्याचा अंदाज पाहून ते रोज नव्याने आखतात: पूर्वेकडे जाणाऱ्यांना वाऱ्याच्या पोटात घालायचे, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्यातून चुकवायचे.

इथे एक छोटा हिशेब करण्याचा मोह आवरत नाही. समजा वाटभर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे. जाताना तो समोरून, म्हणून वेग ८०० आणि वेळ पंधरा तास चाळीस मिनिटे. येताना तो पाठीमागून, वेग १,००० आणि वेळ साडेबारा तास. बेरीज अठ्ठावीस तास दहा मिनिटे. वारा नसता तर दोन्ही मिळून सत्तावीस तास पन्नास मिनिटे लागली असती. म्हणजे जाताना गमावलेले येताना पुरते भरून निघत नाही. विरोधात असलेला वारा जास्त वेळ सोसावा लागतो, सोबतीचा लवकर संपतो. हे गणित शाळेत नदी आणि नावेच्या रूपाने आपण सगळ्यांनीच केले आहे आणि सगळ्यांनीच विसरले आहे.

वाऱ्यापुढे अंतर किती नमते घेते याचे माझ्या माहितीतले सर्वांत सुरेख उदाहरण मुंबईचे नाही, दिल्लीचे आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट्या बाजूने, पूर्वेकडे तोंड करून प्रशांत महासागरावरून नेले. रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटरच्या घरात गेला, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. लांबच्या वाटेने गेलेला माणूस आधी पोहोचला. लेखकाने ही नोंद तळटीपेत टाकली आहे. माझ्या मते ती मुखपृष्ठावर यायला हवी होती.

इंधनाची गोष्टही थोडी सांगितली पाहिजे, कारण अशी थेट उड्डाणे मुळात शक्य झाली ती त्यामुळे. बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या ३००ईआर या जातीचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३५१ टन आणि टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातले १४५ टन नुसते इंधन. ते जाळायचे, तर आधी वाहायचे. आणि वाहायचे, तर त्यासाठी आणखी जाळायचे. उन्हाळ्यात गड चढताना पाण्याच्या बाटल्या वाढवल्या की ओझ्याने तहानही वाढते, तसा हा मामला आहे. म्हणून एका मर्यादेपुढे प्रत्येक जादा किलोमीटर आधीच्यापेक्षा महाग पडतो. त्यातून मुंबईची गरम हवा विरळ असते; विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचाही जोर घटतो, त्यामुळे जड विमानाला दुपारपेक्षा रात्र मानवते. अमेरिकेची विमाने मध्यरात्रीनंतर निघण्यामागे हे एक कारण आहे. दुसरे म्हणजे पलीकडे सकाळी पोहोचून पुढची विमाने गाठता येतात. आपल्या नातेवाइकांची झोपमोड हे कारण नाही, जरी तसे वाटत असले तरी.

एअर इंडियाने न्यूयॉर्कला जेट विमान नेले ते मे १९६० मध्ये, बोइंग ७०७, लंडनमार्गे. त्या काळी मुंबई ते लंडन हाच टप्पा तुकड्यातुकड्यांनी व्हायचा. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर कोसळलेले ‘कांचनजंगा’ विमान, ज्यात शास्त्रज्ञ होमी भाभा गेले, ते मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघालेले होते. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारे एअर इंडियाचे विमान सुरू व्हायला ऑगस्ट २००७ उजाडले. म्हणजे सत्तेचाळीस वर्षे गेली. या काळात अंतर एका किलोमीटरनेही बदलले नाही. विमानाचा वेगही फारसा बदलला नाही, ७०७ आजच्या विमानांइतक्याच वेगाने जात असे. बदलली ती न थांबता जाण्याची ताकद.

त्याही मागे गेले की वेगळेच माप हाती येते. डॉक्टर व्हायला निघालेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. सुएझचा कालवा तेव्हा साडेतेरा वर्षांचा झाला होता. तो नसता तर बोटीला सारा आफ्रिका खंड वळसा घालून जावे लागले असते. त्यांना उतरवून घ्यायला त्यांच्या अमेरिकी यजमानीणबाई मिसेस कार्पेंटर आल्या होत्या, आणि त्यांचे घर होते न्यू जर्सीतल्या रोझेल गावी. आजच्या नूवर्क विमानतळापासून हे गाव दहा किलोमीटरच्या आत आहे. एडिसनला लेकीकडे निघालेली मंडळी नूवर्कला उतरून महामार्गाला लागतात तेव्हा रोझेल बाजूला राहून जाते. तिथे पोहोचायला कल्याणच्या त्या अठरा वर्षांच्या मुलीला दोन महिने लागले होते, आणि तिच्यासोबत नवराही नव्हता. लांब पल्ल्याच्या प्रवासाची मराठी माणसाने लिहिलेली बखर कधी निघालीच तर तिचे पहिले पान हेच असावे.

आता परराष्ट्र खात्यांकडे वळू. सुरुवातीला ताणलेला दोरा ज्या देशांवरून गेला त्यांची यादी पुन्हा पाहा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आकाश मोकळे असते ही कवींची समजूत आहे. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या हवेवर पूर्ण सार्वभौमत्व दिले, आणि त्या हवेतून जाऊ द्यायचे की नाही हे तो देश ठरवतो. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली ती जुलैच्या मध्यात उघडली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये सत्ता पालटली आणि तिथले आकाश बहुतेक कंपन्यांनी टाळायला सुरुवात केली. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये रशिया आणि पाश्चात्त्य देशांनी परस्परांच्या विमानांना दारे लावली. त्याच मार्चमध्ये युनायटेड एअरलाइन्सने नूवर्क-मुंबई हे आपले थेट विमान थांबवले, कारण रशियाला वळसा घालून ते परवडेना.

यातली गंमत, तिला गंमत म्हणायचे असेल तर, अशी की मनाई विमानावर लागते, प्रवाशावर नाही. अमेरिकी विमानाला सिंधवरून जाता येईल पण मॉस्कोवरून नाही. भारतीय विमानाला मॉस्कोवरून जाता येईल पण सिंधवरून नाही. दोघांच्याही वाट्याला तो दोरा संपूर्ण येत नाही. प्रत्येकाचा वेगळ्या जागी तुटतो. मुंबईचे भारतीय विमान मग समुद्रावरून सरळ पश्चिमेला आखाताकडे निघते आणि तिथून युरोपकडे चढते. मुंबईला यात तुलनेने थोडीच झळ बसते. दिल्लीचे खरे हाल होतात: वायव्येला जायचे विमान आधी दक्षिणेला वळवून समुद्र गाठावा लागतो. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला थांबावे लागले, आणि ‘थेट’ या शब्दाने तिकिटावर वाढवलेली किंमत तेवढी तशीच राहिली. त्यात जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात युद्ध पेटले तेव्हा इराण-इराकवरचा रस्ताही काही दिवस गेला. नकाशावर उरलेल्या फटीतून सगळी विमाने एकामागे एक निघाली होती.

म्हणून या पुस्तकातला वेळेचा रकाना वाचताना त्या आकड्याला एक तारीख चिकटलेली आहे असे धरून चालावे. लेखकाने ती दिलेली नाही. मी त्यांना तसे सुचवले होते. तक्ते जुने दिसू लागतील असे त्यांचे म्हणणे पडले. मला वाटते, तारीख असलेला जुना तक्ता हा इतिहास असतो आणि तारीख नसलेला नुसता चुकीचा असतो. पुढच्या आवृत्तीत हा वाद पुन्हा काढण्याचा हक्क मी राखून ठेवतो.

राहिला घड्याळाचा प्रश्न, ज्यात बहुतेक घरांचे फोन वाया जातात. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे ते हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ, कारण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. डिसेंबरात रात्री एकला मुंबईच्या सहार विमानतळावरून निघालेले विमान सोळा तासांनी उतरते तेव्हा तिथे त्याच तारखेच्या सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. कागदावर साडेपाच तासांत अमेरिका! परतताना ही उसनवारी फेडावी लागते: दुपारी चारला निघावे, साडेचौदा तास बसावे, आणि उतरावे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला.

त्या डिसेंबरच्या प्रवाशाला रात्र किती मोठी भेटते हे मोजून पाहण्यासारखे आहे. मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळला. विमान रात्रीच्या सोबतीने, पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेने पळत्या अंधारात पश्चिमेला जात राहिले. न्यूयॉर्कला सूर्य उगवणार सव्वासातला. मधले अंतर मुंबईच्या घड्याळाने मोजले तर पावणेचोवीस तास भरते. जवळजवळ एक अख्खे दिनमान गाळून माणूस पुढच्या सकाळी पोहोचतो. रक्तदाबाची गोळी ‘रोज सकाळी’ घेणाऱ्यांनी आणि विशेषतः इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनी हे आपल्या डॉक्टरांशी निघण्यापूर्वी बोलून घ्यावे. ‘सकाळ’ हे माप त्या दिवशी चालत नाही. संकष्टी विमानात आली तर चंद्रोदय कुठल्या गावचा धरायचा, असेही मला एका बाईंनी विचारले आहे. कालनिर्णयात गावोगावचे चंद्रोदय छापलेले असतात, पण त्यात रेक्याविक नाही. मी त्यांना सांगितले की खिडकीशी बसा आणि दिसला की सोडा. त्यांना ते फारसे पटले नाही.

शेवटची एक गोष्ट पुस्तकात काय नाही याबद्दल. तक्ते विमानतळापासून विमानतळापर्यंतचे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. उद्या न्यूयॉर्कचे विमान तिथून, म्हणजे उलव्याहून, सुटू लागले तर पहिल्या रकान्यात पडणारा फरक जेमतेम काही किलोमीटरांचा असेल, इतका किरकोळ की लेखक तो बहुधा दुरुस्तही करणार नाहीत. पुण्या-साताऱ्याहून निघणाऱ्या माणसाला मात्र वाशीचा पूल, चेंबूर आणि सहारकडे जाणारी गर्दी एका झटक्यात वजा झालेली दिसेल. तीन तास आधी हजर राहायचे, त्याआधी द्रुतगती मार्गावर बोरघाटात अडकण्याची शक्यता धरायची, म्हणून आणखी दोन तास आधी निघायचे, हे सगळे सोळा तासांच्या बाहेरचे आहे आणि अनेकदा त्याच्या अर्ध्यापर्यंत जाते. ते का घेतले नाही असे मी लेखकांना विचारले. ते म्हणाले, वाऱ्याचा अंदाज मिळतो, घाटाचा मिळत नाही.